वाघाची हमी मागणाऱ्या मेसेजला उत्तर

परीक्षा संपत आल्या की एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सांगणं तेच असतं. जंगल बघायचं तर ताडोबाच, तेही एप्रिल-मेमध्येच आणि तेही कोअर, म्हणजे प्रकल्पाचा गाभाच. बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, ही फसवणूक. गाइडच्या हातावर वरचे पैसे ठेवा, म्हणजे तो वाघ दाखवतोच. वाघ दिसला नाही तर पैसे वाया. आणि महाराष्ट्रातली बाकीची अभयारण्यं म्हणजे नुसत्या पाट्या, तिकडे फिरकूही नका. मला हा मेसेज पाठवणाऱ्यांत जंगलाची मनापासून आवड असणारी माणसं आहेत, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देते आहे.

आधी एप्रिल-मे. यात तथ्य आहे. ताडोबा हे साग-बांबूचं पानझडी रान. होळीनंतर झाडं मोकळी होतात, नजर लांबवर पोचते, नाले आटतात. मग जनावरांना तेलिया, पांढरपौनी, खुद्द ताडोबा तलाव अशा मोजक्या पाण्यांवर यावंच लागतं, आणि वाघ तर तासन्‌तास पाण्यात बसून राहतो. फक्त वाघच बघायचा असेल तर मे महिना योग्यच. पण त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि जिप्सीला छप्पर नसतं. सोबत आजी-आजोबा किंवा तीन वर्षांचं मूल असेल, तर त्यांच्यावर हा उन्हाचा मारा कशासाठी? डिसेंबरातल्या पहाटेचं जंगलही तितकंच खरं आहे, कानटोपी घालून जा. शिवाय मेसेज हा नियम सगळ्याच अभयारण्यांना लावतो, ते तर पार चुकीचं. हिवाळी पाहुणे पक्षी मार्चपासून परतीला लागतात. मे महिन्यात पक्षी अभयारण्यात गेलेल्या माणसाने ‘तिथे काही नाही’ असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. तो चुकीच्या महिन्यात गेलेला असतो.

‘बफर म्हणजे फसवणूक.’ ताडोबाचा कोअर सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा, बफर त्याच्या भोवती साधारण ११०० चौरस किलोमीटर. मधली रेघ नकाशावर आहे, जमिनीवर कुंपण नाही. वाघ तिच्या अलीकडे-पलीकडे राहतो, पिल्लं वाढवतो. मदनापूर बफरमधली जुनाबाई वाघीण बघायला लोक मुद्दाम जात आले आहेत. आणि इथे एक आठवण द्यायला हवी: जुलै २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअरमधलं पर्यटन थांबवलं होतं. ते ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं, पण कोअरच्या जास्तीत जास्त २० टक्के भागातच पर्यटन, अशी मर्यादा घालून. कोअर मुळात वाघासाठी निवांत ठेवायचा भाग आहे. आगरझरी, देवाडा, जुनोना, अलिझंझा या बफरच्या गेटांवरून जाणारी प्रत्येक गाडी कोअरवरचा तेवढा भार हलका करते, आणि जी गावं वाघाच्या शेजारात गुरं गमावतात, कधी माणसंही गमावतात, त्या गावांत चार पैसे पोचवते. याला फसवणूक म्हणू नये.

‘वाघ दिसला नाही तर पैसे वाया.’ मेळघाटचं उदाहरण घ्या. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत तो होता. २०२२ च्या गणनेत तिथे पन्नासहून अधिक वाघ निघाले, तरी पर्यटकाला वाघ क्वचितच दिसतो. सातपुड्याचे कडे आणि खोल दऱ्याच तशा आहेत. म्हणजे तुम्हाला न दिसलेला वाघ तिथे आहे, आणि दिसत नाही म्हणून कदाचित जास्त सुखात आहे. वानराचा खाकरा, मागोमाग चितळाची हाक, मग सांबराचा एकच दणदणीत ‘ढांक’, आणि गाइडचं बोट ओठांवर: या दहा मिनिटांत जंगल किती बारकाईने एकमेकांची खबर ठेवतं ते कळतं. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल, पांढराफटक कांडोळ, तळ्याकाठी उन्हात पडलेली खरी मगर, रस्ता ओलांडणारी रानकुत्र्यांची टोळी हे सगळं त्याच तिकिटात मिळतं. वाघ दिसला तर आनंद मलाही होतो. पण तिकीट जंगलात जाण्याचं असतं, वाघाची हमी त्यावर कुठेही छापलेली नसते.

आता त्या पैशांच्या सल्ल्याकडे येते, कारण मेसेजमधला सगळ्यात घातक मजकूर तो आहे. गाइड आणि जिप्सीचालक बहुतेक करून लगतच्या गावांतले तरुण असतात. ‘साहेब खूश झाले पाहिजेत’ हा दबाव त्यांच्यावर आधीच असतो. त्यात वरचे पैसे दाखवले, की गाडी जवळ घाल, आडवी लाव, वेगात ने, हे सगळं ओघाने येतं. याचा शेवट कसा होतो ते ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगाव भागात एक वाघीण पाच पिल्लांसह रस्त्यावर होती आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी तिची वाट अडवली. चित्रफीत पसरली, चालक-गाइडांवर निलंबनाची कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. शिक्षा योग्यच होती. पण मला राहून राहून त्या गाड्यांत बसलेल्यांचा विचार येतो. चालकाची रोजी गेली. जवळ घ्या, जवळ घ्या म्हणणारे घरी परतले. अशा कोंडीत बुजलेलं एखादं पिल्लू आईपासून तुटलं तर पुढे काय, हे सांगायला नको. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचना साफ आहेत: प्राण्यापासून किमान २० मीटर अंतर, आणि एका गाडीने एका दर्शनापाशी १५ मिनिटांहून जास्त थांबायचं नाही. गाइडला बक्षिसी जरूर द्या, पण फेरी संपल्यावर, आणि वाघ दिसला नसेल तेव्हाही तेवढीच. त्याने झाडं-पाखरं नीट दाखवली असतील तर जास्तच द्या. आणि गाडी फार जवळ चालली आहे असं वाटलं, तर ‘दादा, इथेच थांबा’ म्हणायला कचरू नका. प्रवाशाने असं म्हटलं की चालकाचाही जीव भांड्यात पडतो.

राहिला शेवटचा मुद्दा, बाकी अभयारण्यांत काही नसल्याचा. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा बांधला. त्यात गाळ साचत गेला, बेटं झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि नांदूर मध्यमेश्वर पक्ष्यांचं गाव झालं. ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आल्याचं जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालं; या यादीतली महाराष्ट्रातली ती पहिली जागा. चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, हळदीकुंकू बदक, जांभळी पाणकोंबडी, नशीब असेल तर रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा, हे सगळं मनोऱ्यावरून दिसतं.

सोलापूरजवळचं नान्नज १९७९ पासून माळढोक या माळरानावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी राखलेलं आहे. माळढोक आज महाराष्ट्रातून संपल्यातच जमा आहे, आणि त्याचं एक कारण हाच समज, की माळरान म्हणजे पडीक जमीन, तिथे बघण्यासारखं काय असणार. त्याच गवतात काळवीट आहे, खोकड आहे आणि धनगरांच्या मेंढरांमागे फिरणारा लांडगा आहे. इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळच्या शिर्सुफळला वनखात्याने गवताळ रानाची सफारी सुरू केली आहे. तिथे कुणी गेलंच नाही, तर उद्या त्या जमिनीवर दुसरं काही उभं राहताना हरकत कोण घेणार?

मेळघाटात रानपिंगळाही आहे. १८८४ नंतर हे छोटं घुबड कुणाला सापडलंच नव्हतं, ते संपलं असं सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते शहाद्याजवळच्या रानात पुन्हा दिसलं, आणि पुढे मेळघाटातही. जगात ते फक्त भारतात, मुख्यतः मध्य भारताच्या पट्ट्यातल्या जंगलांत आहे. राधानगरी १९५८ पासून गव्यांसाठी आहे. भीमाशंकरला शेकरू आहे, आपला राज्यप्राणी. मुंबईकरांना तर पनवेलजवळचं कर्नाळा अर्ध्या दिवसात होतं. पावसाळ्यात शीळकरी कस्तुराची शीळ ऐकायला तरी जा.

या हिवाळ्यात पहिलीच वेळ असेल तर नांदूर मध्यमेश्वरपासून सुरुवात करा. डिसेंबर ते फेब्रुवारी, उजाडायच्या आत चापडगावच्या बाजूला पोचा. दुर्बीण नसेल तरी गावातला गाइड घ्या, पक्षी कुठे बसतात ते त्याला पाठ असतं. मुलांचे भडक रंगाचे कपडे मात्र घरी ठेवा.