आकडा मोठा म्हणून ब्रेक ऑइल भारी? एका फॉरवर्डची चिरफाड

ब्रिटनमधल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत सध्या एक मेसेज फिरतोय. ‘जुनी स्पोर्ट्स कार घरीच सांभाळा, गॅरेजची लूट थांबवा’ हे त्याचं शीर्षक. वर माझदा एमएक्स-५ चा फोटो आणि खाली सल्ल्यांची रांग. ब्रेकमध्ये डॉट ४ ऐवजी ‘लेटेस्ट’ डॉट ५ घाला, जन्मभर बदलावं लागणार नाही. पॅड बदलताना चारही पिस्टन क्लॅम्पने दाबा, दहा मिनिटांचं काम. गिअरबॉक्समध्ये जीएल-४ नको, जीएल-५ घाला. इंजिनात २०डब्ल्यू-५० घाला. पेट्रोल ९९ ऑक्टेनचंच भरा, पॉवर वाढते. टायरमध्ये ३६ ची हवा ठेवा. चाकाचे नट अंगात असेल तेवढा जोर लावून आवळा.

माझ्या भाच्याने नुकतीच १९९२ ची एमएक्स-५ घेतलीय, १.६ इंजिनाची. मेसेज वाचून त्याने डॉट ५ ची बाटली मागवली आणि मला विचारलं, “मामा, जुन्या ऑइलवरच ओतू ना?” म्हणून हे लिहावं लागतंय.

घरी काम करू नका, असं मी म्हणत नाही. पहिल्या पिढीची एमएक्स-५ घरी सांभाळायला सोपी गाडी आहे, थोडी हत्यारं असली की बरंच काही अंगणात होतं. पण हा मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यात एकच सूत्र आहे: आकडा मोठा तर माल भारी. डबे-बाटल्यांवरचे हे आकडे परीक्षेतले मार्क नाहीत. कुठल्या कामासाठी कुठला माल, एवढंच ते सांगतात.

ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुकांनी खिसा हलका होईल, या चुकीने जीव जाईल.

डॉट ही वर्गवारी अमेरिकन सरकारच्या एफएमव्हीएसएस ११६ या नियमातली. तो नियम इंटरनेटवर फुकट वाचता येतो. त्यात प्रत्येक वर्गाचे किमान उत्कलनबिंदू दिलेत, एक कोऱ्या ऑइलचा आणि एक पाणी शोषलेल्या ऑइलचा. डॉट ३ साठी २०५ आणि १४० अंश सेल्सियस, डॉट ४ साठी २३० आणि १५५, डॉट ५ साठी २६० आणि १८०. मेसेजवाल्याने इथपर्यंतच पाहिलं असावं. त्याच नियमात डॉट ५.१ आहे, त्याचेही आकडे २६० आणि १८० च. मग एकाच कामगिरीचे दोन वर्ग कशाला? कारण डॉट ५ सिलिकॉनचं आहे आणि ५.१ सिलिकॉनचं नाही. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही ग्लायकॉल घराण्यातली, एकमेकांत मिसळतात. डॉट ५ त्यांच्यात मिसळत नाही. नियमाने त्याचा रंगही वेगळा ठरवून दिलाय, जांभळा, आणि बाटलीवर ते सिलिकॉनचं असल्याचं छापायला लावलंय. लोकांनी नेमका हाच घोटाळा करू नये म्हणून हा खटाटोप. आपल्या पंडिताने तरीही तो केलाच.

आता ‘आधीच्यावरच ओतलं’ तर काय होतं? सिलिकॉन हलकं, म्हणून ब्रेक ऑइलच्या डबीत वर तरंगतं. खाली पाइपांत आणि कॅलिपरमध्ये (चाकाजवळचा, पिस्टनने पॅड दाबणारा भाग) जुनं ग्लायकॉल तसंच. पेडल दाबून ब्लीड करायला, म्हणजे पाइपांतली हवा आणि जुनं ऑइल बाहेर काढायला गेलात की दोन्हींचे तुकडे-तुकडे एकामागोमाग पाइपात जातात. सिलिकॉनमध्ये हवा जास्त विरघळते, ओतताना बारीक बुडबुडेही धरून बसतात, त्यामुळे पेडल स्पंजासारखं लागतं आणि कितीही ब्लीड करा, कडक होत नाही. एबीएस असलेल्या नंतरच्या एमएक्स-५ मध्ये तर हे अजिबात नको, एबीएसचा पंप त्या ऑइलचा फेस करतो.

‘जन्मभर बदलावं लागणार नाही’ हे त्याहून वाईट. सिलिकॉन पाणी शोषत नाही, हे खरं. पण म्हणून पाणी आत यायचं थांबत नाही. रबरी होजमधून आणि डबीच्या झाकणातून ओल येतच राहते. ग्लायकॉल ती स्वतःत विरघळवून घेतं, त्यामुळे उत्कलनबिंदू हळूहळू उतरतो, आणि म्हणूनच ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. सिलिकॉनमध्ये तेच पाणी थेंबाथेंबाने वेगळं राहतं, जड म्हणून सगळ्यात खालच्या जागी उतरतं. ती जागा म्हणजे कॅलिपर, जिथे सगळ्यात जास्त उष्णता. तिथे १०० अंशाच्या आसपास त्याची वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. लांब उतारावर पेडल थेट फळीला. बदलायची गरज नाही म्हणून मिरवलेल्या ऑइलचा व्यवहारातला उत्कलनबिंदू पाण्याइतका!

अर्धसत्य आहे, तेही सांगून टाकतो. डॉट ५ रंग खात नाही, ग्लायकॉल सांडलं तर बॉनेटखालचा रंग सुटतो. वर्षातले दहा महिने गॅरेजमध्ये उभ्या राहणाऱ्या प्रदर्शनी गाड्यांमध्ये काही जण ते मुद्दाम वापरतात. अमेरिकन लष्करानेही लांब साठवून ठेवायच्या वाहनांसाठी ते वापरलंय. पण ते लोक सगळी प्रणाली कोरडी करून, सील आणि होज नवे घालून मग भरतात. वरून ओतत नाहीत.

आणि ‘स्पोर्ट्स कारला भारी ऑइल हवं’ म्हणणाऱ्यांसाठी: ट्रॅकवर वापरतात ती मोतुल आरबीएफ ६०० किंवा कॅस्ट्रॉल एसआरएफसारखी ऑइलं ३०० अंशांच्या वर उकळतात, आणि ती ग्लायकॉल ऑइलांत मिसळणारी, डॉट ४ च्या जागी घालायची.

बाटली ओतून झालीच असेल आणि पेडलला पाय लावला नसेल, तर मोठ्या सिरिंजने डबी रिकामी करा, आतून पुसा, ताजं डॉट ४ घालून पुन्हा उपसा. पेडल दाबून झालं असेल तर गाडी चालवू नका. संपूर्ण प्रणाली धुवावी लागेल, सीलसुद्धा बदलावे लागतील, आणि ते अनुभवी हातांचं काम आहे. सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने काय घातलंय याची शंका असेल तर काचेच्या बाटलीत थोडं ऑइल घेऊन त्यात थोडं पाणी टाका आणि हलवा. ग्लायकॉल असेल तर एकजीव होईल, सिलिकॉन असेल तर दोन थर पडतील. नुसत्या रंगावर जाऊ नका, जांभळा रंग काळाबरोबर उडतो.

योग्य काम तसं कंटाळवाणं आहे. एक लिटर ताजं, सीलबंद डॉट ४ पुरतं. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू नका, ती कपाटातही पाणी पिते. गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर. डबीतलं जुनं ऑइल उपसून नवं भरा, आणि पुढे काम चालू असताना डबी कधीही तळ दिसेपर्यंत उतरू देऊ नका, नाहीतर हवा आत जाऊन सगळं पहिल्यापासून. मास्टर सिलिंडरपासून (पेडलचा जोर ऑइलवर टाकणारा सिलिंडर) सगळ्यात लांबचं चाक आधी. ब्रिटनमध्ये चालक उजवीकडे, म्हणून मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. निपलला (कॅलिपरवरचा, ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू) रिंग पाना लावा, फिक्स पान्याने कोपरे झिजतात. पारदर्शक नळीचं दुसरं टोक थोडं ऑइल असलेल्या बरणीत बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव आटा उघडून बंद करायचा, मगच पेडल सोडायचं.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा सील पूर्ण तळापर्यंत जात नाही, त्यामुळे त्या कोपऱ्यात गंज साचतो. ब्लीडिंग करताना पेडल फळीपर्यंत दाबलं की तीस वर्षांचा सील त्या गंजावरून घासतो आणि दोन दिवसांनी गळायला लागतो. मग लोक म्हणतात, ‘ऑइल बदललं आणि सिलिंडर गेला’. क्लचची डबी वेगळी आणि छोटी असते, तिलाही त्याच वेळी तेच डॉट ४ द्या.

पॅडचा सल्ला दुसऱ्या नंबरचा घातक. पुढचे पिस्टन क्लॅम्पने जातात, मान्य. पण ही पहिल्या दोन पिढ्यांची एमएक्स-५ असेल तर मागच्या कॅलिपरमध्ये हँडब्रेकची यंत्रणा आहे आणि पिस्टन आतल्या स्क्रूला बांधलेला आहे. त्यावर क्लॅम्प लावून जोर केला तर पिस्टन जात नाही, यंत्रणा मोडते. कॅलिपरच्या मागे एक छोटा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीच्या ॲलन कीची जागा दिसते. घड्याळाच्या उलट फिरवा, पिस्टन शांतपणे आत जातो. नवे पॅड बसवल्यावर घड्याळाच्या दिशेने, पॅड डिस्कला टेकेपर्यंत, आणि मग एक तृतीयांश फेरा मागे. चाक हाताने मोकळं फिरतंय ना, पाहा. हँडब्रेकची केबल ताणून हे काम भागवू नका. गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबा, पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.

गिअर ऑइलच्या बाबतीत मात्र मला थोडं मागे यावं लागतं. माझदाच्या मॅन्युअलमध्ये या पाच गिअरच्या गिअरबॉक्ससाठी ७५डब्ल्यू-९० जीएल-४ किंवा जीएल-५, दोन्ही चालतील असं लिहिलंय. तेव्हा जीएल-५ घातल्याने गिअरबॉक्स बिघडणार नाही. पण ते ‘वरचढ’ म्हणून घालायचं कारण नाही. जीएल-५ हे हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे डिफरन्शियलसाठी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारा भाग) आहे. तिथे दात एकमेकांवर घसरतात, म्हणून त्यात गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. गिअरबॉक्समध्ये सिंक्रोच्या (गिअर टाकताना वेग जुळवणारा भाग) पितळी रिंगला थोडी पकड लागते, आणि काही जीएल-५ ऑइलांतली ती रसायनं पितळाला मानवत नाहीत. थंडीत दुसरा गिअर अडकतोय अशी तक्रार या गाडीत नेहमीची आहे, आणि चांगलं जीएल-४ घातल्यावर ती बऱ्याचदा कमी होते. तेव्हा गिअरबॉक्सला जीएल-४, सुमारे दोन लिटर, आणि डिफरन्शियलला जीएल-५. उलट करू नका. दोन्हीकडे आधी भरायचं बूच सोडवून पाहा, मगच खालचं काढा. रिकामा गिअरबॉक्स आणि गंजून बसलेलं वरचं बूच, ही रविवारी संध्याकाळी नको असलेली जोडी.

इंजिन ऑइल: भारतात २०डब्ल्यू-४० वर पिढ्या वाढल्या, म्हणून जाड ऑइलवर आपला जीव. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा, नंतरचा इंजिन तापल्यावरचा. ब्रिटनमधल्या जानेवारीच्या सकाळी २०डब्ल्यू ऑइल इंजिनाच्या वरच्या भागात पोचायला वेळ लावतं, आणि या १.६ इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (ऑइलच्या दाबावर चालणारे, व्हॉल्व्ह उघडणारे भाग) आहेत, ते ऑइल मिळेपर्यंत टकटकत राहतात. १०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-३० घाला, फिल्टरसह साडेतीन लिटरच्या आसपास, शेवटचा हिशोब डिपस्टिकवर.

९९ ऑक्टेन. ऑक्टेन म्हणजे इंधनातली ताकद नव्हे, वेळेआधी न पेटण्याची सहनशक्ती. १९९२ च्या या गाडीत नॉक सेन्सर (इंधन चुकीच्या वेळी पेटल्याचं ओळखणारा) नाही, त्यामुळे संगणकाला कळतच नाही तुम्ही काय भरलंय, आणि तो टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, पुढे घेत नाही. पॉवर शून्य वाढते. मात्र ग्रेट ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं ९५ चं पेट्रोल ई१० झालंय, त्यात १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि जुन्या रबरी नळ्यांना ते सोसत नाही. सुपर पेट्रोल अजून ई५ मिळतं. त्या कारणासाठी भरा, मी अडवणार नाही. पॉवरसाठीच भरायचं असेल तर आधी टायमिंग हाताने बदला: डायग्नोसिस बॉक्समध्ये (तपासणीसाठी दिलेली जोडणीची डबी) टीईएन आणि जीएनडी लिहिलेली टोकं वायरने जोडा, टायमिंग लाइट लावा, हेडच्या मागच्या कॅम सेन्सरचा बोल्ट सैल करून सेन्सर फिरवा. कारखान्याचं सेटिंग १० अंश, हौशी लोक १४ पर्यंत नेतात. मग मात्र साधं पेट्रोल नको, नॉकिंगचा आवाज आला तर लगेच मागे.

टायरमध्ये ३६ ची हवा कुठून आली, देव जाणे. या गाडीचं वजन हजार किलोच्या आत, १८५/६० आर१४ टायरला स्टिकरवर २६ पीएसआय लिहिलंय. ३६ ला टायर मध्ये फुगतो, कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत, आणि पावसात मागचं टोक सुटतं. मागच्या चाकांवर चालणाऱ्या हलक्या गाडीत ते फार पटकन सुटतं. टायर थंड असताना मोजा.

राहिले चाकाचे नट. ८९ ते ११८ न्यूटन मीटर, एवढंच. चाक जमिनीला टेकवून, समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क रेंचने. लांब पाइप लावून आवळलेल्या नटाचा स्टड ताणला जातो, आणि पंक्चर झाल्यावर डिकीतल्या पान्याने तो नट सुटत नाही. ॲलॉय चाकं असतील तर पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा रेंच फिरवून घ्या.