अक्षर सुवाच्य, चिठ्ठी मात्र अर्धीच

डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ झाले. मेडिकलच्या काउंटरमागे उभं राहून दिवसभर चिठ्ठ्या वाचणाऱ्या आम्हा औषधविक्रेत्यांना मात्र अक्षराची तेवढी धास्ती नसते. नाव लागलं नाही तर डॉक्टरांना फोन करता येतो, खात्री झाली की मगच गोळी काढायची. धास्ती असते ती टाइप केलेल्या, स्वच्छ दिसणाऱ्या आणि तरीही अपुऱ्या चिठ्ठीची. ती वाचता येते म्हणून कुणी काही विचारतच नाही.

चिठ्ठीत काय हवं हे १९४५ च्या औषध नियमांत, नियम ६५ मध्ये स्पष्ट आहे: डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, एका वेळचा डोस आणि एकूण किती औषध द्यायचं ते. यातली शेवटची बाब सर्रास गळते. '१-०-१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, हे घराघरांत माहीत झालंय. पण किती दिवस? पाच दिवस म्हणजे दहा गोळ्या. दिवस लिहिलेच नसतील तर हातात जी स्ट्रिप येईल तेवढाच कोर्स ठरतो. सहा गोळ्यांची स्ट्रिप मिळाली की अँटिबायोटिक तीन दिवसांत संपतं, आणि ताप उतरलेला असला तर पुन्हा विचारायला कोण येतं?

दुसरी गळती नावाच्या शेपटाची. रक्तदाबाची 'टेल्मा' एवढंच सांगून भागत नाही. टेल्मा ४० मध्ये फक्त टेल्मिसार्टन असतं, टेल्मा एचमध्ये सोबत लघवी वाढवणारं औषध आणि टेल्मा एएममध्ये अॅम्लोडिपिन हे रक्तदाबाचं दुसरं औषध. ग्लायकोमेट म्हणजे नुसतं मेटफॉर्मिन, तर ग्लायकोमेट जीपीमध्ये साखर आणखी खाली आणणारं ग्लिमेपिराइडही असतं. जीपी १ आणि जीपी २ यांत त्याचं प्रमाण दुप्पट होतं. फोनवर 'बाबांची ती शुगरची ग्लायकोमेट पाठवा' असं सांगणाऱ्या प्रत्येकाला आमची कळकळीची विनंती: रिकाम्या स्ट्रिपचा फोटो पाठवा, नाव तोंडी सांगू नका.

लहान मुलांच्या औषधात तर मिलीलीटर आणि मिलिग्रॅम यांतला गोंधळ थेट इजा करतो. पॅरासिटामॉल घ्या. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिलिग्रॅम धरले तर एका वेळी १५० मिलिग्रॅम. बाटलीवर '५ मिलीत १२५' असेल तर हे ६ मिली होतात, '५ मिलीत २५०' असेल तर ३ मिली, आणि '१ मिलीत १००' असे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड मिली. आता चिठ्ठीत नुसतं 'पॅरासिटामॉल ६ मिली' लिहिलंय आणि घरात ड्रॉप्सची बाटली आहे. बाळाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम जातात, म्हणजे चौपट. म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून मिलिग्रॅम आणि मिली दोन्ही लिहून घ्या, आणि वजन कागदावर आहे ना ते पाहा. स्वयंपाकघरातला चमचा मापाला वापरू नका, बाटलीसोबतचं टोपण किंवा सिरिंज वापरा.

इन्सुलिनचंही तसंच. आपल्याकडे व्हायलमध्ये, म्हणजे छोट्या बाटलीत, १ मिलीत ४० युनिट आणि १ मिलीत १०० युनिट, अशी दोन्ही मिळतात, आणि दोन्हींच्या सिरिंज वेगळ्या: ४० ची टोपी लाल, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजमध्ये 'दहा' खुणेपर्यंत ओढलं तर शरीरात पंचवीस युनिट जातात. चिठ्ठीवर 'युनिट' हा शब्द पूर्ण लिहिलेला हवा. आकड्यापुढे नुसतं इंग्रजी 'यू' असेल तर ते शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात.

सगळ्यात भीतीदायक चूक मेथोट्रेक्सेटची. संधिवात किंवा सोरायसिससाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर तोंड सोलवटतं, रक्तपेशी घटतात, माणूस दगावू शकतो. सोबत बहुधा फॉलिक अॅसिड असतं, आणि दोन्ही लहान पिवळ्या गोळ्या असू शकतात. 'आठवड्यातून एकदा' हेसुद्धा अपुरं आहे. 'फक्त सोमवारी' असा वार लिहून मागा.

'एसओएस', म्हणजे लागलं तरच, असं लिहिलेल्या गोळीबाबत विचारा: दोन गोळ्यांत किती तासांचं अंतर, आणि दिवसाला जास्तीत जास्त किती? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, ते वेगळं घेतलं की बेरीज नकळत वाढते. डोळ्यांच्या डॉक्टरांच्या कागदावर 'ओडी' म्हणजे उजवा डोळा, एरवी तेच दिवसातून एकदा.

आता आमच्या बाजूचं. 'तीच गोळी दुसऱ्या कंपनीची चालेल' असं आम्ही परस्पर ठरवू शकत नाही. शेड्यूल एच आणि एक्स या, फक्त चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांच्या सरकारी याद्यांमधल्या औषधाचा ब्रँड लिहिलेला असेल तर घटक तोच असला तरी आपल्या मनाने दुसरा द्यायला नियमांची परवानगी नाही. डॉक्टरांनी जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी मूळ घटकाचं नाव, शक्यतो मोठ्या अक्षरांत, लिहावं असं वैद्यकीय परिषदेच्या नियमांत २०१६ पासून आहे. तसं लिहिलं तर रुग्णाला परवडणारा पर्याय निवडता येतो. आमच्या मते ग्राहकांनी हे डॉक्टरांकडे आग्रहाने मागायला हवं.

शेड्यूल एच १ ची औषधं, त्यात बरीच वरच्या फळीतली अँटिबायोटिक्स आहेत, देताना डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वहीत नोंदवावी लागते आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. २०१४ पासून हे लागू आहे. शेड्यूल एक्ससाठी चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानात दोन वर्षं राहते. तेव्हा डॉक्टरांचं नाव विचारलं तर ती चौकशी तुमच्यावरच्या संशयातून नसते.

एक चिठ्ठी एकदाच चालते, डॉक्टरांनी 'इतक्या वेळा द्या' असं लिहिलं असेल तरच पुन्हा. रक्तदाबाच्या रुग्णांनी 'तीन महिने, दरमहा ३० गोळ्या' असं लिहून घ्यावं, आणि प्रत्येक वेळी दुकानाचा शिक्का व तारीख कागदावर पडली का ते बघावं. सुट्ट्या गोळ्या घेताना स्ट्रिपचा बॅच नंबर आणि एक्सपायरी असलेला भाग दुकानात राहिला, तर बिलावर दोन्ही छापलेत का ते तिथेच तपासा. नसतील तर तारीख आणि बॅच बिलावर हाताने लिहून मागा.