छप्पन्न टेन्शन

ड्रमच्या कडेला जे लांब स्क्रू असतात त्यांना टेन्शन रॉड म्हणतात, हे कळलं त्याच दिवशी मी सावध व्हायला हवं होतं. माझ्या स्नेअरला, म्हणजे कडक आवाजाच्या ड्रमला, वर ८, खाली ८. १२ आणि १३ इंची टॉमना, म्हणजे घुमणाऱ्या ड्रमना, वर सहा, खाली सहा. १६ इंची फ्लोअर टॉमला पुन्हा आठ-आठ. करा बेरीज. ५६! बेस ड्रम यात धरलेला नाही. त्याला मी लाथ मारतो, त्याचं ऐकून घेत नाही. 'तुझ्यासारखे छप्पन्न बघितलेत' असं कुणाला ठणकावायची सोय आता राहिलेली नाही. कारण ते छप्पन्नच्या छप्पन्न रोज माझ्याकडे बघतात.

सेट जुना, गोव्याच्या एका बँडवाल्याकडून घेतलेला. चोर्ला घाटातून टेम्पोनं बेळगावच्या वडगावात आला तोवर घाटातल्या खड्ड्यांनी प्रत्येक रॉड आपापल्या मर्जीनं सैल केला होता. गल्लीच्या गणपतीत आमचा ऑर्केस्ट्रा ठरलेला, हातात चार दिवस, आणि बाहेर बेळगावचा पाऊस, जो एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही.

पद्धत सांगायला सोपी आहे. सगळे रॉड सैल करायचे, हेड, म्हणजे ड्रमच्या तोंडावरचा पडदा, नीट बसवायचं, बोटांनी फिरतील तेवढे फिरवायचे. मग चावी घेऊन समोरासमोरचे दोन-दोन पिळायचे, स्टेपनीचे नट आवळतात तसे. एकदम नाही, अर्धा वेढा, मग पाव. मग मधोमध बोट टेकवून कडेपासून इंचभर आत काठीनं टिचकी मारायची आणि प्रत्येक रॉडपाशी तोच स्वर येतो का ते ऐकायचं. मी ऐकलं. पहिल्यापाशी 'टण्', दुसऱ्यापाशी 'टण्', तिसऱ्यापाशी 'डब'. तिसरा पिळला तर समोरचा सातवा 'टिंग' म्हणाला. सातवा उतरवला तर पहिला रुसला. वरचं हेड जमवावं तर खालचं कुरकुरतं. १९५६ पासून सीमाप्रश्नात राहणाऱ्या माणसाला हे नवीन नाही, खरं निदान तिथं चावी माझ्या हातात नाही.

त्यात आमच्या भागात कान नसलेला माणूस सापडत नाही. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दूध घालायला आलेलाही दोन मिनिटं थांबून मान हलवतो, आणि ती आडवी हलवतो. तबला वाजवणारे अण्णा आले. तबल्याची पुडी हातोडीनं ठोकून षड्जाला लावण्यात त्यांची हयात गेलेली.

"कुठल्या पट्टीत लावूलालास?"

"पट्टीत असं नाही अण्णा. टॉम एकमेकांपेक्षा खाली-खाली वाजले की झालं."

"म्हणजे सूर नाहीच?"

"आहे, खरं कुठला ते ठरलेलं नाही."

अण्णांनी चहा अर्धा टाकला. असं त्यांनी आधी एकदाच केलं होतं, साखर विसरलेली तेव्हा.

मंडळाचा हलगीवाला पोरगा त्याहून उदार. "दादा, पावसानं चामडं मऊ पडलंय. कागद पेटवा, शेका." त्याला समजावलं, की हे चामडं नव्हे, प्लॅस्टिक आहे, १९५० च्या दशकाअखेरीपासून ड्रमवर वासराच्या कातड्याऐवजी हेच येतंय, आणि शेकलं तर पापडासारखं आक्रसेल. "मग पावसाचा काय त्रास?" काही नाही. तेवढंच तर दुःख. हलगीवाल्याला दोष द्यायला पाऊस तरी आहे.

तिसऱ्या दिवशी टॉम कसेबसे लागले. स्नेअर फार घणघणत होता म्हणून त्यावर पाकीट ठेवलं. चांगले चांगले ड्रमर ठेवतात. महिनाअखेर असल्यानं फरक पडला नाही. मग सुरू झाली ती खरखर. स्नेअरच्या पोटाखाली २० तारांची पट्टी असते, तिच्यामुळे त्याला तो कडक 'च्याट' आवाज येतो. पण शेजारचा टॉम त्याच्याच स्वराच्या आसपास बोलला, की या तारा न विचारता 'खर्रर्र' करतात, सासू-सुनेच्या बोलण्यात आत्यानं हुंकार भरावा तशा. उपाय, टॉम थोडा चढवा किंवा उतरवा. चढवला. खर्रर्र. उतरवला. खर्रर्र. हात बाजूला घेऊन नुसता बसून राहिलो. तरी खर्रर्र!

"नुसतं बसलास तरी वाजतंय," बायको म्हणाली. "मग तुझी गरज काय?"

चौथ्या दिवशी दुपारी लाईट गेली आणि शेजारचे मामा आत आले. मामांचे चार पॉवरलूम आमच्या भिंतीला लागून. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं, आणि लाईट नसली की करमत नाही. त्यांनी टिचकी मारली नाही, कान लावला नाही. वाकले, आणि अंगठा कडेकडेनं दाबत गेले, ताणा तपासतात तसा. पाचव्या रॉडपाशी थांबले.

"हे ढिलं आहे. पलीकडचं जास्त. एक धागा ढिला सोडला तर सगळं लुगडं वाकडं येतंय गा."

मी पाव वेढा पिळला. त्यांनी पुन्हा दाबलं. "अजून थोडं... बास." असं करत स्नेअर, मग तिन्ही टॉम. तासाभरात छप्पन्न झाले. मी रोल वाजवला. तिन्ही टॉम जिना उतरल्यासारखे खाली-खाली गेले, स्नेअर कोरडा ठणठणीत, आणि शेवटी शांतता. एक तार हलली नाही. मामांना ऐकू आलं नसावं, पण माझ्या तोंडाकडे बघून ते हसले.

तेवढ्यात लाईट आली. "माग चालू करतो," म्हणत ते उठले. भिंतीपलीकडे खट-खटाखट, खट-खटाखट सुरू झालं आणि माझ्या स्नेअरनं, मी हातही न लावता, चारही मागांना साथ धरली. खर्रर्र.

मामांनी खिडकीतून डोकं काढलं. "आता बरोबर लागलंय की न्हाई?"

"लागलंय मामा!" मी ओरडलो.

"काय?"