तुमचं ट्युटोरियल 'जुने' विभागात का गेलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या मराठी ट्युटोरियल्सचं संकलन आम्ही नव्याने लावलं, त्याबद्दलच्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन-चार वेळा वाचली. नव्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. २०१२ साली मराठीत काहीच नव्हतं, तेव्हा नोकरी सांभाळून रात्री जागून तुम्ही लिहिलेलं ट्युटोरियल आम्ही न विचारता 'जुने' या विभागात टाकलं. लोकांनी हौसेने लिहिलेल्या गोष्टींचे कप्पे पाडणारे आम्ही कोण? सगळं एका ठिकाणी ठेवा, मतं द्यायची सोय करा, चांगलं असेल ते आपोआप वर येईल. आणि ज्याला पायथनचा गंध नाही अशा मुलाकडून तुमचं लेखन तपासून घेणं हा अपमान आहे.

न विचारता हलवलं, ही आमची चूकच. तुमचा पत्ता आमच्याकडे होता, चार ओळींचं पत्र पाठवायला हवं होतं. मी स्वतः स्ट्रिंग (प्रोग्रॅममधला मजकुराचा तुकडा) म्हणजे काय ते तुमच्याच पानावरून शिकलोय, त्यामुळे तर ते आणखी लागलं. मनापासून माफी मागतो.

पण ते का हलवलं, हे सांगितल्याशिवाय माफी अर्धवट राहील. मूळ लेखात मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीबद्दल लिहिलं होतं. तिच्यासमोर जे ट्युटोरियल होतं ते तुमचं होतं. तिथे मी ते मुद्दाम सांगितलं नव्हतं. तिने त्याची प्रिंट काढली होती. पानावर लिहिलं होतं, ७ भागिले २ केलं की उत्तर ३ येतं. तिच्या मशीनवर ३.५ येत होतं. पायथन २ या जुन्या व्हर्जनमध्ये दोन पूर्णांकांचा भागाकार केला की अपूर्णांक गळून जायचा, आताच्या पायथन ३ मध्ये तो पूर्ण येतो. पायथन ३ मध्ये 'प्रिंट' या आज्ञेला कंस दिला नाही तर मशीन निदान ओरडतं, कंस राहिलाय म्हणून सांगतं. इथे एरर नाही, इशारा नाही. तिने पायथन दोनदा काढून पुन्हा इन्स्टॉल केलं. मला प्रिंट दाखवताना तिने त्या ३ भोवती पेन्सिलने गोल केला होता आणि ती म्हणाली, "सर, माझंच काहीतरी चुकतंय."

तुमचं चुकलं नव्हतं, तिचंही नव्हतं. २०१२ साली ते उत्तर अचूक होतं. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी संपली आणि पान मात्र होतं तिथेच राहिलं. आमच्या संकलनात सगळ्यात जास्त 'आवडलं' त्याच पानाला होते. का नसावेत? ते सगळ्यात आधी आलं आणि तेव्हा खरोखरच सगळ्यात चांगलं होतं. मत देणारा त्या दिवशीच्या पानाला मत देतो. आठ वर्षांनी भाषा बदलली म्हणून कोणी परत येऊन ते काढून घेत नाही.

मतांवर सोडून पाहण्याचा प्रयोग आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या माणूसबळावर होऊन गेलाय. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने जुलै २०१६ मध्ये 'डॉक्युमेंटेशन' हा विभाग सुरू केला: कोणीही उदाहरण लिहावं, कोणीही सुधारावं, मतं पडावीत. ऑगस्ट २०१७ मध्ये तो बंद केला. प्रश्नोत्तरांत मतं का चालतात, यावर मी बराच विचार केलाय. तिथे अडलेला एक माणूस असतो आणि उत्तर लागू पडलं की नाही हे तो सांगतो. डॉक्युमेंटेशनच्या पानाला असा विचारणारा नसतो. लिहिणारे भरपूर येतात, सुरुवातीच्या लिस्ट आणि लूपवर दहा-दहा पानं होतात, आणि पुढच्या अवघड भागाकडे कोणी फिरकत नाही. आमच्याकडे 'पायथन इन्स्टॉल कसं करावं' याची चौदा पानं होती. फाइल वाचण्यावर एक, तेही अर्धं.

कप्प्यांबद्दल. ते आम्ही शोधून काढलेले नाहीत. जँगो या पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या साधनाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये पहिल्याच पानावर सांगितलेलं असतं की ट्युटोरियल वेगळं, विषय समजावणारी पानं वेगळी, संदर्भ वेगळा आणि 'अमुक कसं करायचं' वेगळं. वाचणारा एकच असला तरी तो वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या गरजेने येतो. तुमच्या एका लेखात यातले तीन प्रकार एकत्र आहेत: पहिली पावलं, स्ट्रिंगच्या फंक्शनची यादी, आणि शेवटी ते 'मराठी' शब्दाचं स्पष्टीकरण.

त्या शेवटच्या भागाविषयी मला सगळ्यात जास्त बोलायचंय. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर पायथन २ पंधरा सांगायचं. तुम्ही एकेक चिन्ह सुटं करून दाखवलंत: म, र, काना, ठ, वेलांटी. चिन्हं पाच, यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणून पंधरा. आज पायथन ३ बाइट नाही, चिन्हं मोजतं आणि पाच सांगतं, आणि आपण बोटावर मोजतो ती अक्षरं तीन. आकडा बदलला, पण तुमचं स्पष्टीकरण शिळं झालेलं नाही. उलट पाच का आणि तीन का नाही, हे समजायला आजही तेच लागतं. इंग्रजी ट्युटोरियल लिहिणाऱ्याला हा प्रश्न सहसा पडत नाही, त्यामुळे भाषांतर करून तो मिळणार नाही. पूर्ण लेख 'जुने'मध्ये ढकलताना हे सोनंही आम्ही तिकडेच टाकलं. दुसरी चूक म्हणाल तर ही, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते.

नवख्याकडून तपासण्यात तुमची परीक्षा नसते. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सुमारे दहा मिनिटांच्या ट्युटोरियलची आधी संहिता लिहितात, आणि रेकॉर्डिंगच्या आधी तो विषय न येणारा माणूस ती वाचून पायरी-पायरीने करून बघतो. जाणकाराची तपासणी वेगळी होतेच. पण जाणकार सुटलेली पायरी मनातल्या मनात भरून काढतो, त्यामुळे ती त्याला दिसत नाही. नवखा तिथेच थांबतो. आमच्या नववीतल्या मुलाने माझ्या पानावर सहा ठिकाणी 'इथून पुढे कळेना' असं लिहिलं, आणि सहाही ठिकाणी त्याचं बरोबर होतं.

आता प्रत्येक पानाच्या माथ्यावर लेखकाचं नाव, पायथनचं व्हर्जन, शेवटचं कधी तपासलं ती तारीख आणि त्या पानाकडे लक्ष ठेवणाऱ्याचं नाव असतं. उदाहरणं आम्ही पायथनसोबत येणाऱ्या डॉकटेस्ट या साधनाने चालवून बघतो; पानात लिहिलेलं उत्तर आणि मशीनचं उत्तर जुळलं नाही की लगेच कळतं. ऑक्टोबरमध्ये पायथनचं नवं व्हर्जन आलं की सगळी पानं पुन्हा चालवायची. ७ भागिले २ तेव्हाच सापडलं असतं.

रविवारी बसून मी तुमचा लेख तीन पानांत वेगळा केला आहे. तुमचं नाव तिन्हींवर आहे, मूळ लेख २०१२ चा म्हणून जसाच्या तसा जपलाय आणि प्रत्येक पानावरून त्याची लिंक दिली आहे. मसुदा तुम्हाला आजच पाठवतोय. तुमचा होकार येईपर्यंत काहीही प्रसिद्ध होणार नाही. 'मराठी'च्या पानाकडे लक्ष ठेवणाऱ्याची जागा मी रिकामी ठेवली आहे. तिथे मुलांचा एक प्रश्न येऊन पडलाय: 'क्ष' हे एकच अक्षर आहे, तर त्याची लांबी तीन का येते? मी उत्तर लिहायला घेतलं होतं, थांबलो. ते तुम्ही लिहाल का?