अंगठा काढ रे त्यातला!

रात्रीचे पावणेबारा वाजलेत. बायको दोनदा म्हणून गेली, "अहो, झोपा आता." कसा झोपणार? डोळे मिटले की तो अंगठा दिसतो.

काल लग्नाचा बाविसावा वाढदिवस. पणजीतलं बऱ्यापैकी नाव असलेलं हॉटेल, टेबलावर कडक इस्त्रीचे कापडी रुमाल, मेन्यूत वाइनची दोन अख्खी पानं. हे बघा, शॅकवर मला प्लास्टिकच्या पेल्यात वाइन दिली तरी मी हूं की चूं करत नाही. तिथे वारा असतो, वाळू असते, पायाशी कुत्रं झोपलेलं असतं. तिथे वास घेत बसायला कोण जातं? पण तुम्ही एका ग्लासाचे साडेसहाशे लावता ना? मग?

ग्लास आला तो काठोकाठ. वर कौतुकाने, "सर, फुल भरलाय." बाबा रे, मी उसाचा रस मागवलाय का? हा हलवायचा कसा? हलवला की गेली बायकोची साडी. ग्लासाचं पोट जिथे सगळ्यांत रुंद असतं तिथपर्यंतच ओतायची, म्हणजे एक तृतीयांश. वरची जागा रिकामी ठेवतात ती कंजूषपणाने नव्हे, वास साठायला. जिभेला कळतं काय, तर गोड, आंबट, कडू, अशी चार-पाच नावं. जांभूळ, मिरी, पहिल्या पावसाची माती हे सगळं नाकाचं खातं.

तर घातलं नाक. जुलैत तीन दिवस दोरीवर न वाळलेला टॉवेल! तोच वास, कपाटात ओलसर कोंडलेल्या काचेचा. शिवाय ग्लास कोमट, मशीनमधून नुकताच उपसलेला. आणि आत आधीच 'रूम टेम्परेचर'वाली रेड. कुणाची रूम? १६-१८ अंशांची, युरोपातल्या दगडी घरातली! इथे मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असते. दहा मिनिटं बर्फाच्या बादलीत ठेवायला काय जातं? पण नाही, रेड थंड केली तर पाप लागतं.

मी शांतपणे (बायको म्हणते शांतपणे नाही) म्हटलं, ग्लास बदला. पोरगा गेला, नवा ग्लास घेऊन आला. वरून पाच बोटांनी काठ धरून, बरणीचं झाकण उचलतात तसा. टेबलापाशी थांबला. खांद्यावरचं नॅपकिन काढलं, ज्या नॅपकिनने त्याने आमच्या समोर शेजारच्या टेबलावरची आमटी पुसली होती. ते ग्लासात कोंबलं. आणि अंगठा आत घालून गरागरा फिरवला. पोळपाटावर लाटणं फिरावं तसा, मन लावून, बाहेर रस्त्याकडे बघत. मग ग्लास दिव्यासमोर धरला, समाधान झालं, टेबलावर ठेवला. आणि पहिल्या ग्लासातली वाइन या ग्लासात ओतली.

ओतली! तीच!! टॉवेलवाली!!!

"आता ठीक आहे, सर?"

मॅनेजर आला. तो म्हणाला, ग्लास इम्पोर्टेड आहेत. अरे, इम्पोर्टेड असू दे नाहीतर सावर्ड्याच्या बाजारातला असू दे, धुतलेला आहे का? मला क्रिस्टल नको. मला काठ पातळ हवा. या ग्लासाच्या काठाला गोल वळी होती, ओठांना लागते टपरीवरच्या चहाच्या ग्लासासारखी, घोट जिभेवर पसरण्याआधी हनुवटीवर पसरतो. आणि दांडी कशासाठी असते? धरायला! हाताच्या उबेने वाइन तापू नये आणि काचेवर बोटांचे ठसे उमटू नयेत म्हणून. हॉलमध्ये एक माणूस दांडी धरत नव्हता. सगळे पोट आवळून बसलेले.

यावरून मेहुणा आठवला. गेल्या चतुर्थीनंतर आमच्याकडे जेवायला आला होता, वर मदतीचा उत्साह. एका हाताने बूड धरलं, दुसऱ्याने पोट, आणि ओलं फडकं पिळावं तसं उलटसुलट. टक्. दांडी हातात. "भावोजी, तुमच्या काचा फारच नाजूक हो." नाजूक! पुसताना ज्या भागावर फडकं चालतं तोच भाग धरायचा, बुडाला हात लावायचा नाही, एवढंच तर असतं. आणि रात्री पिऊन झाल्यावर धुवायचेच नाहीत. रात्री फक्त पाणी भरून ठेवा, सकाळी डोकं ताळ्यावर असताना कोमट पाण्याने धुवा. साबण लावलाच तर टिपूसभर, नाहीतर पुढच्या वाइनमध्ये लिंबू, आणि ते द्राक्षाचं नव्हे.

सासूबाईंचं शोकेस हा वेगळा विषय आहे. तिथे सहा ग्लास उलटे, १९९८ पासून, वर्तमानपत्रावर. उलटा ठेवला की कपाटाची हवा आत कोंडते आणि सगळं वजन काठावर, जो सगळ्यांत कमकुवत. मी एकदा सरळ करून ठेवले. दुसऱ्या दिवशी पुन्हा उलटे. "पाल पडेल आत." यावर काय बोलणार?

आणि पुण्याचा तो चुलतभाऊ. त्याच्याकडे आठ प्रकारचे ग्लास. फ्रान्सच्या बुरगंडी वाइनचा वेगळा, बोर्डो वाइनचा वेगळा. कुठून तरी वाचलेलं ऐकवतो की अमुक ग्लास वाइन जिभेच्या शेंड्यावर टाकतो, कारण गोड शेंड्यालाच कळतं. जिभेचा तो नकाशा १९०१ सालच्या एका जर्मन लेखाचा पुढे कुणीतरी उलटा अर्थ लावल्यातून निघालाय. गोड सगळीकडे कळतं, जिलबी खाऊन बघ ना! ऑस्ट्रियाच्या रीडेल या ग्लास बनवणाऱ्या कंपनीने १९७३ साली द्राक्षाच्या जातीगणिक वेगळ्या ग्लासांची मालिका काढली. ग्लास सुंदर आहेत, माझं भांडण नाही. पण चाखणाऱ्यांसाठी १९७७ साली आयएसओने, म्हणजे मानकं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, ठरवलेला एकच ग्लास आहे, २१५ मिलीचा, ट्यूलिपच्या कळीसारखा, त्यात ५० मिली ओतायची आणि लाल, पांढरी, जी असेल ती चाखायची. झालं. एका ग्लासात जग चालतंय आणि याला आठ लागतात. पोर्ट या पोर्तुगीज गोड वाइनचा नववा घेणार होता तर मी म्हटलं, आमच्या आजोबांनी पोर्तुगीज काळात ती औषधाच्या पेल्यातून प्यायली, ठणठणीत होते.

(फेणीबद्दल मी काहीच बोलत नाहीये. फेणीला काही फरक पडत नाही. फेणीचा वास ग्लासाला न जुमानता शेजाऱ्यापर्यंत पोचतो.)

बरं. थोडं खरंही सांगतो. काल बिल आलं तेव्हा बायकोने शांतपणे भरलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षी मी मैत्रिणींबरोबर जाते." घरी मी बारा चांगले ग्लास आणले होते, उरले पाच. मेहुण्याने फोडला एक. बाकी सहा कुणी फोडले हे आमच्या घरी बोलायचं नाही असा नियम आहे, आणि तो नियम मीच केलाय. पाचातल्या एकात मनीप्लांट आहे. पाहुणे येणार म्हटलं की मी आजीच्या जुन्या मलमलच्या तुकड्याने ग्लास पुसत बसतो, दिव्यासमोर धरतो, एक डोळा मिटतो. मुलगी त्याला 'बाबांची पूजा' म्हणते.

तर आता एवढं लिहून घसा कोरडा पडला म्हणून उठलो. नाशिकची शिराझ, म्हणजे रेडच, फ्रीजमधून वीस मिनिटं आधी काढून ठेवली होती, अगदी बेतात. मे महिन्यात ग्लास सुरक्षित राहावेत म्हणून खोक्यासकट पांघरुणांच्या कपाटात मीच ठेवले होते. ओतली, हलवली, नाक घातलं.

डांबराच्या गोळ्या.

चारही. मनीप्लांटवाल्याला येत नव्हता, पण त्यात मनीप्लांट आहे.

चहाच्या कपात ओतली शेवटी. कपाला कान असतो, धरायला बरा पडतो. थोडा वेलदोडा लागतोय.