रिकामा प्लॉट साफ केला नाही तर नगरपरिषद ताब्यात घेते का?

"प्लॉटवर गवत-कचरा दिसला की नगरपरिषद जागा जप्त करणार" असा मेसेज उदगीर, वसमत, अंबाजोगाईकडच्या ग्रुपांवर फिरतोय. हे खरं नाही.

या गावांना महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियम, 1965 लागू आहे. (लातूर-नांदेडला महापालिका, तिथला कायदा वेगळा.) मुख्याधिकारी आधी मालकाला मुदतीची लेखी नोटीस देतात. मालक सापडला नाही तर ती जागेवरच चिकटवतात. मुदतीत साफसफाई झाली नाही तर नगरपरिषद स्वतः जेसीबी लावते आणि खर्च मालकाकडून वसूल करते. कचऱ्यामुळे मालकी जात नाही. मात्र वसुलीची थकबाकी भरलीच नाही तर कायद्याने जप्ती होऊ शकते. मेसेजमध्ये हाच धागा ताणलाय.

आमच्या गल्लीतल्या प्लॉटचे मालक पुण्यात. वेडी बाभूळ कंपाउंडवरून रस्त्यावर आलीय, खड्ड्यातल्या पाण्यात डुकरं लोळतात, शेजारच्या घरात दोन लेकरं तापाने फणफणलीत. अशा खोट्या मेसेजने मालक घाबरून वकील गाठतात, झाडू कुणीच हातात घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

त्रास असेल तर फोटोसह लेखी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्या, आवक-जावकमधून शिक्क्याची पोच घ्या. तोंडी तक्रारीचा माग राहत नाही.