मामा, कान्नोनाऊ म्हणजे प्रेशरची गोळी नव्हे

"अगं, जावईबापू मिलानहून येतायत ना? कान्नोनाऊच्या दोन बाटल्या आणायला सांग." मामांचा फोन. वय सत्तर, साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या चालू, उभ्या जन्मात दारूचा थेंब नाही. कारण एक फॉरवर्ड: 'इटलीच्या सार्डिनिया बेटावरचे लोक ही लाल वाइन पितात, म्हणून शंभरी गाठतात. जगातली सर्वांत जुनी वाइन. रोज दोन ग्लास घ्या, गोळ्या बंद करा.'

गोळ्या बंद! लिहिणाऱ्याला धरून विचारावंसं वाटतं, बाबा, उद्या काही झालं तर तू येणारेस का? नेमाने दारू घेतली तर प्रेशर वाढतं, उतरत नाही. आणि साखरेची गोळी चालू ठेवून वाइन घेतली तरी घोळ आहेच. ग्लिमेपिराइडसारखी गोळी आणि वर उपाशीपोटी दारू, तर साखर धाडकन उतरू शकते, कारण यकृत दारू निस्तरत बसतं आणि साखर सोडायचं त्याचं काम मागे पडतं. घाम, थरथर, बरळणं. घरच्यांना वाटणार, चढलीय, झोपू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलंय, दारूचं कुठलंही प्रमाण सुरक्षित नाही. वाइन त्यातून सुटलेली नाही.

एक मात्र नाइलाजाने मान्य. २००६ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं की सार्डिनियातल्या नुओरो भागातल्या वाइनमध्ये प्रोसायनिडिन नावाची द्राक्षातली द्रव्यं जास्त असतात आणि रक्तवाहिन्यांना ती उपकारक दिसतात. पण दिसली ती प्रयोगशाळेतल्या पेशींवर, मामांवर नव्हे.

सर्वांत जुनी? जॉर्जिया देशात वाइनच्या खुणा असलेली ८००० वर्षांपूर्वीची मडकी सापडलीत. पुढे चला.

कान्नोनाऊ म्हणजे फ्रेंच लोक ज्याला ग्रेनाश म्हणतात तेच द्राक्ष. साल पातळ, म्हणून रंग फार गडद नाही. चवीला पिकल्या स्ट्रॉबेरीसारखी, मागून रानातल्या वाळक्या पाल्याचा वास. पण अल्कोहोल १४ टक्क्यांच्या आसपास सहज. सरबत समजून घ्यायची वस्तू नाही ती.

आणि शंभरीचं म्हणाल, तर ही वाइन बेटभर होते. शंभरीवाले मात्र दाटलेत ओल्यास्त्रा-बार्बाजाच्या डोंगरी गावांत. पेस आणि पुलाँ या संशोधकांनी ती गावं नकाशावर निळ्या शाईने रंगवली, त्यावरून अशा दीर्घायुषी लोकांच्या भागाला 'ब्लू झोन' हे नाव पडलं. तिथले पुरुष जन्मभर मेंढरांमागे चढ-उतार करत आलेले. फॉरवर्डमध्ये मेंढरं कुठेच नाहीत.

मामांना विचारलं, बाटल्यांऐवजी दोन मेंढ्या आणायला सांगू का? त्यांनी फोन ठेवला.